चिनी भंडाऱ्याच्या साठ गोळ्या

"जहर घातलंस मला, जहर!" आमच्या मेसचा खानसामा ओरडत होता. एका हातात डाव, दुसऱ्या हातानं खालचा ओठ ओढून आतले फोड तो पंगतीतल्या एकेकाला दाखवत चालला होता. "बघा! सगळ्यांनी बघा! तीन दिस झाले, तोंडात मिठाचा कण घेववत नाय. आज फजरच्या नमाजाला नाकातून रगत आलं. आणि हा म्हणतो, चीनच्या बादशहाची गोळी!"

शुक्रवार होता. नमाजाहून परतून आम्ही वीसेक जण कुवेतच्या अहमदीतल्या आमच्या बराकीत जेवायला बसलो होतो. बहुतेक सगळे रत्नागिरीच्या खाड्यांकाठचे. सगळ्यांचे घास हातात, आणि डोळे माझ्यावर. अशा वेळी दुसऱ्या कुणी खाली मान घालून भात चिवडला असता. मी उठून उभा राहिलो.

"मामू," मी म्हटलं, "तुमी बारा तास भट्टीसमोर उभे. तुमच्या अंगात मुळात इतकी आग की तुमच्या टोपीवर पापड भाजावा. त्यात चिनी बादशहाची आग पडली. एका चुलीत दोन आगी, मग घर पेटायचंच! गोळीचा काय कसूर? ही बघा, हीच ती गोळी. आमचे दुलाभाई रोज दोन घेतात. मेले का?"

दुलाभाई, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझ्या शेजारीच बसले होते. मी खिशातून गोळी काढली, नखानं तिचं मेणाचं कवच फोडलं, आणि जादूगार रुमालातून कबूतर काढतो त्या थाटात ती त्यांच्यापुढे धरली. "घ्या दुलाभाई. सगळ्यांसमोर घ्या."

त्यांनी घेतली. चावायला लागले. दोनतीनदा चावल्यावर त्यांचा जबडा मध्येच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चावून त्यांनी ती गिळली आणि वर पेलाभर गरम पाणी प्यायले.

त्यांचा जबडा थांबलेला मी पाहिला होता. पाहिला, आणि पुढचं वाक्य बोललो. पंगत हसली. खानसामा शिव्या देत आत गेला. मला वाटलं, मी जिंकलो.

आता पहिल्यापासून सांगतो. या खेपेला तिखटमीठ कमी घालीन. अगदी अळणी मला जमणार नाही.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी धक्क्यावरच्या गुदामात होतो. तेल भरायला येणाऱ्या जहाजांना भाजीपाला, मांस आणि बर्फ पोचवायचं आमचं काम. उन्हाळ्यात धक्क्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर तळहातावरची भाग्यरेषा तिथेच चिकटून राहायची. माझी अशीच कुठेतरी राहिली असावी. पण माझ्या हाताशी बर्फ होता, आणि ज्याच्या हाताशी बर्फ तो कुवेतात सुलतान. गुदामात फुटलेल्या लाद्यांचे तुकडे गोणपाटात गुंडाळून मी बराकीवर आणायचो, आणि मोठमोठी माणसं पेले घेऊन माझ्यासमोर रांगेत उभी राहायची.

दुलाभाई तेल कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. बोटं इतकी हलकी की यंत्रावर पाऊस पडतोय असं वाटावं; तोंडातून मात्र दिवसाला दहा शब्द. माझ्या वाट्याला मी बाकीचे सगळे घेतले होते. माझ्या आपाशी त्यांचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. सुट्ट्यांचे महिने जोडले तर त्यातलं दीड वर्ष दोघं एका छपराखाली राहिलेली. मूलबाळ नाही. दुलाभाईंनी फॅमिली क्वार्टरसाठी नाव घातलं होतं, आणि ते नाव वर्षानुवर्षं यादीत मुंगीच्या चालीनं वर सरकत होतं. दोन खोल्या, एक मोरी, दाराशी हातभर वाळू. एवढंच.

त्या वर्षी नाव लागलं. कागद आला. क्वार्टर मिळणार, फक्त ऑगस्टअखेरची मेडिकल पास व्हायला हवी. नोकरी पुढे चालू राहणार असेल तरच बायकोला आणायची परवानगी. आपाला कळवलं तेव्हा तिचं उलट पत्र आलं. तिनं पाटावरवंटा गोणपाटात शिवून ठेवला होता. कुणीतरी तिला सांगितलं होतं की कुवेतात नुसती वाळू, दगड औषधालाही मिळत नाही. ते सांगणारा मीच. मागच्या सुट्टीत तिला हसवायला सांगितलं होतं.

अडचण होती ती दुलाभाईंच्या पोटाची. दोन वर्षं त्यांना खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. पहाटे उठून धावायचे, आणि आदल्या दिवशीचा भात जसाच्या तसा बाहेर. जेवण बघितलं की नको वाटायचं. पॅन्टच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं तीन नवी भोकं पाडली होती. दवाखान्यातून मिश्रण मिळायचं, ते संपेपर्यंत बरं, संपलं की पुन्हा तेच. आणि सगळ्यांत मोठा तमाशा म्हणजे हा माणूस कुवेतच्या जुलैत पायात मोजे घालून, पोटावर शाल घेऊन झोपायचा. बराकीत बाकीचे ओली चादर अंगावर घेऊन तळमळतायत, आणि मध्ये हे महाबळेश्वरला आल्यासारखे! मी त्यावर इतके विनोद केले की ते पार आखातापलीकडे इराणच्या अबादानपर्यंत ऐकू गेले असतील.

आता आम्ही कोकणी माणसं. आमच्या लेखी जगात रोग एकच, उष्णता. डोळे आले, उष्णता. तोंड आलं, उष्णता. नोकरी गेली तरी डोक्यातली उष्णता. त्यातून मुलूख असा तापलेला. पोट बिघडलंय म्हणजे आतून तापलंय, यावर वीसच्या वीस डोकी एकमतानं डोलली. उपाय ठरलेला. गावाहून कोकम आलेलं होतं, सब्जा होता, बाजारात ताक मिळत होतं, आणि बर्फाचा सुलतान घरातच. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ मी त्या माणसाला बर्फ घातलेलं कोकमाचं सरबत पाजलं. स्वतःच्या हातानं. ते म्हणायचे, "जरा गरम चहा घेऊ का रे?" मी म्हणायचो, "दुलाभाई, चहा म्हणजे आगीत रॉकेल! हे प्या." ते प्यायचे.

तर तो चिनी. जहाजावरच्या आचाऱ्याला आमच्याकडे भंडारी म्हणतात. एका टँकरवर हाँगकाँगचा एक म्हातारा भंडारी होता. मुंबईच्या गोदीत वर्षानुवर्षं ये-जा केल्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदुस्तानी यायचं. भाजी तपासताना तो प्रत्येक कोबी कानाशी धरून वाजवायचा. मी त्याच्याशी गप्पा मारता मारता दुलाभाईंच्या मोज्यांचा विनोद सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "उसको लाओ."

जहाज दोन दिवस थांबणार होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, दुलाभाईंना सुट्टी. मी त्यांना धक्क्यावर घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं त्यांना बटाट्याच्या पोत्यावर बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली. मीही वाकून पाहिली. फिकट, ओली, कडेला दातांचे ठसे. मग त्यानं सदऱ्याखालून पोटावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. विचारलं, "गरम पानी अच्छा, ठंडा पानी अच्छा?"

"गरम," दुलाभाई म्हणाले.

"ठंडा पीता?"

दुलाभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

"चूल्हा ठंडा," म्हातारा म्हणाला. "चावल कच्चा. ये आदमी," त्यानं माझ्याकडे बोट केलं, "चूल्हे में बरफ डालता."

दोन वर्षं वीस कोकण्यांनी जे ओळखलं नाही ते एका आचाऱ्यानं पोटावर हात ठेवून ओळखलं. आचारीच तो, चुलीतला जाळ त्याला नाही कळणार तर कुणाला? त्यानं आतून पत्र्याचा डबा आणला. सुपारीपेक्षा मोठ्या, मेणात बंद केलेल्या काळसर गोळ्या, मोजून साठ. सकाळी एक, संध्याकाळी एक. आत काय आहे ते त्यानं मला वास देऊन दाखवलं. सुंठ मी ओळखली. ज्येष्ठमध ओळखलं. तिसरं माणसाच्या आकाराचं एक मूळ, त्याला तो फार मान देऊन बोलत होता. चौथंही कसलंसं मूळ, त्याचं नाव त्यानं चारदा सांगितलं आणि मला एकदाही म्हणता आलं नाही. सगळं मधात वळलेलं. गोळीवर गरम पाणी प्यायचं, थोड्या वेळानं तांदळाची गरम पेज, आणि अंगावर पांघरूण. पेज! चीनचा माणूस आम्हाला पेज प्यायला सांगत होता, आणि आम्ही कोकणात जन्मून बर्फ घेऊन बसलो होतो.

शेवटी तो बोट उभं करून म्हणाला, "पूरा खाना. बीच में बंद नहीं. दूसरे को नहीं देना. हर पेट अलग."

हे सगळं मी ऐकलं. बहिरा मी कधीच नव्हतो.

डबा माझ्याकडे राहिला. दुलाभाईंनीच दिला. म्हणाले, "तू ठेव. मी विसरतो." ते काही विसरायचे नाहीत. मला महत्त्वाचं काम द्यावं एवढाच त्यांचा विचार असणार. दोन वर्षं कोकम पाजल्याबद्दल एक शब्द त्यांनी मला ऐकवला नाही.

आठव्या दिवशी त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. बाराव्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा ते झोपलेले होते, आणि पायात मोजे नव्हते. मी तसाच बसून त्यांचे पाय बघत राहिलो. पट्टा एका भोकानं मागे आला. त्या आठवड्यात त्यांनी आपाला लिहिलेल्या पत्रात माझ्यासाठी वेगळी ओळ होती. ती आपानं मला पुढे दाखवली. 'तुझ्या भावामुळे.'

इथपर्यंत थांबलो असतो तर ही एका भल्या माणसाची गोष्ट झाली असती.

पण माझ्या तोंडाला कुलूप कुठलं? दुलाभाईंचा चेहरा उजळलेला बघून लोक विचारायला लागले, आणि मी सांगायला लागलो. पहिल्या दिवशी गोळी हाँगकाँगची होती. दुसऱ्या दिवशी ती बादशहाच्या मुदपाकखान्यातली झाली. आठवडाभरात ते मूळ जमिनीतून उपटताना बाईसारखं किंचाळतं, म्हणून उपटणारा कानात मेण घालतो, आणि तेच मेण गोळीला लावतात, इथवर मी पोचलो. संध्याकाळी माझ्या खाटेभोवती माणसं बसायची. दुलाभाई आपल्या खाटेवर शाल पांघरून ऐकायचे आणि कधीकधी हसायचे.

ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं की सांगणाऱ्याच्या हाताला खाज सुटते. पहिली गोळी मी ट्रक ड्रायव्हरला दिली, त्याला मूल नव्हतं. मग न्हाव्याला, त्याच्याच टकलासाठी. एक, पाय दुखतो म्हणून लांबच्या सुलैबिया गावाहून आलेल्या गवंड्याला. मी डबा उघडला की माणसांचे चेहरे असे व्हायचे, जसे बर्फासाठी कधी झाले नव्हते. बर्फ देणारा हमाल असतो, गोळी देणारा हकीम. लोक मला हकीमसाहेब म्हणायला लागले. चेष्टेत, पण मला तेवढंही पुरत होतं. एकेकानं येऊन दुसरी मागितली, तिसरी मागितली. खानसाम्यानं तीन नेल्या आणि एका दिवसात खाल्ल्या.

तेरावा की चौदावा दिवस होता. मी डब्यात हात घातला आणि बोटं तळाला लागली.

जहाज दीड महिन्याशिवाय परतणार नव्हतं. मेडिकलला तीन आठवडे उरले होते. दुलाभाईंना सांगायचं होतं एवढंच: 'संपल्या. मी वाटल्या.' तीन शब्द. दिवसाला दहा हजार शब्द बोलणाऱ्या माणसाला ते तीन जमले नाहीत.

मी बाजारात गेलो. जडीबुटी विकणाऱ्या इराणी अत्ताराकडून सुंठ घेतली, ज्येष्ठमध घेतलं, मध घेतला. ते माणसाच्या आकाराचं मूळ त्याच्याकडे नव्हतं. चौथ्याचं तर नावच मला येत नव्हतं. रंग यावा म्हणून खजूर कुटून घातला. मेणबत्ती वितळवून कवचं केली. गुदामाच्या मागे बसून मी गोळ्या वळल्या, आणि खोटं कशाला बोलू, वळताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. बाहेरून बघितल्या असत्या तर त्या म्हाताऱ्यानंही ओळखल्या नसत्या.

त्यातली पहिली गोळी दुलाभाईंनी खाल्ली ती त्या शुक्रवारी, सगळ्या पंगतीसमोर, खानसामा ओरडत असताना.

चार दिवस बरं होतं. मी मनाशी म्हटलं, सुंठ ती सुंठ. चीनची काय आणि इराणची काय. पाचव्या पहाटे मला दाराचा आवाज आला. मी डोळे मिटून पडून राहिलो. सहाव्या पहाटे पुन्हा. मग मोजे परत आले. पट्टा एक भोक पुढे गेला, मग दुसरं. मी एका वेळी दोन गोळ्या द्यायला लागलो, मग तीन. ते घ्यायचे. पेज प्यायचे, पांघरूण घ्यायचे, म्हाताऱ्यानं सांगितलेलं सगळं करायचे. सुंठीनं त्यांच्या ओठांच्या कडा सोलल्या. संध्याकाळी माझ्या खाटेभोवती माणसं जमायची आणि मी गोष्टी सांगायचो. आता गप्प बसलो तर संशय येईल, असं मला वाटायचं.

मेडिकलच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टर नीट माणूस होता. त्यानं काट्यावर दोनदा उभं केलं, मागचे कागद काढले, पापण्या उलटून बघितल्या, आणि चांगल्या शब्दांत सांगितलं की या हवेत या शरीराला ठेवणं बरोबर नाही. घरी जावं, तिथे उपचार करावेत. दुलाभाईंनी थँक्यू म्हटलं. बाहेर आल्यावर शर्ट खोचला, आणि म्हणाले, "आपाला मी लिहितो. तू लिहू नको. तू लांबवशील."

क्वार्टर यादीतल्या पुढच्याला मिळालं. तोही माझ्या गोष्टी ऐकणारा. न्हावी म्हणे, मला डोक्यावर लव जाणवते.

दुलाभाईंची आगबोट निघाली तेव्हा मी धक्क्यावर होतो. त्या दिवशी हवेत इतकी धूळ होती की बोट दहा हातांवर गेली आणि नाहीशी झाली. हे मी वाढवून सांगत नाही.

त्या चिनी गोळ्यांनी ते बरे झालेच असते, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. कदाचित साठ खाऊनही काही झालं नसतं. पण चोवीस-पंचवीस गोळ्यांत मोजे उतरले होते. ते मी बघितलं होतं. जहाज दीड महिन्यानं आलंच. म्हाताऱ्यानं कोबी वाजवता वाजवता विचारलं, "वो ठंडा आदमी?" मी म्हटलं, "अच्छा हो गया. मोटा हो गया." तो खूश झाला, आणि मला दुसरा डबा देऊ लागला. मी घेतला नाही. घेऊन काय करणार होतो?

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर गावी गेलो. आपानं दार उघडलं. सामानात काय आणलंस, म्हणून तिनं विचारलं नाही. पडवीत कोपऱ्यात गोणपाटाचं एक गाठोडं होतं. शिवण तशीच. घरातला पाटावरवंटा त्यात बंद, आणि ती वाटायला शेजारी जात होती. उसवून काढ, असं मी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "काढू कधीतरी." आणि आत गेली.

दुलाभाई पडवीत बसून पेज पीत होते. तालुक्याच्या एका शाळेत टायपिंग शिकवायला लागले होते, आठवड्यातून तीन दिवस, अंगात ताकद असेल तेव्हा. मनगट माझ्या अंगठ्याएवढं. तेवढंच होतं, मी घटवून सांगत नाही. मी जरा वेळ धक्क्याच्या गोष्टी सांगितल्या. मग त्या संपल्या. माझ्या गोष्टी संपल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. मग मी ते तीन शब्द बोललो.

ते म्हणाले, "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्या शुक्रवारपासून. खजूर लागला दाताखाली."

आणि तेव्हा मी ओरडलो. माझा गुन्हा, माझंच तोंड, आणि ओरडलो मी त्यांच्यावर. इतका की आपा आतून धावत आली आणि पेजेच्या वाटीवरच्या माश्या उडाल्या. "मग थुंकलात का नाही माझ्या तोंडावर? सगळ्यांसमोर का नाही म्हणालात, ही गोळी ती नाही? मी त्या दिवशी जहाजाच्या मागे पोहत गेलो असतो! तीन आठवडे होते! का नाही बोललात?"

दुलाभाईंनी वाटी खाली ठेवली, ओठ पुसले.

"मधेच कसा बोलू?" ते म्हणाले. "तू गोष्ट सांगत होतास."